पिंजऱ्यातील हरिनाम

जबलपूरहून नागपूरकडे येणाऱ्या हमरस्त्यावर बरगी हे गाव आहे. नर्मदेवरील धरणामुळे त्याचे नाव आता दूरवर पोहोचले आहे. त्या भागात राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी एक प्रश्न विचारला आहे. त्यांच्या घरी नऊ वर्षांपासून टुइयाँ जातीचा एक लहान हिरवा पोपट आहे. बाजारातून पिल्लू आणले आणि वृद्ध मातोश्रींनी भिजवलेली डाळ भरवून ते वाढविले. प्रातःस्नानानंतर मातोश्री गीतेचा पंधरावा अध्याय म्हणू लागल्या की तो पिंजऱ्यातून ‘हरि हरि’ असे बोलतो. घरातील कन्या आता महाविद्यालयात शिकते. तिचे म्हणणे असे की, हा पक्षी कोंडून ठेवणे पाप तर आहेच, शिवाय कायद्याने अपराधही आहे. त्याला आजच सोडून द्यावे. मातोश्री म्हणतात, तिर्यग्योनीत जन्मलेल्या जीवाच्या मुखी भगवंताचे नाव आले, याहून त्याचे अधिक कल्याण वनात काय होणार होते? गृहस्थ विचारतात की, गीतापाठ करणाऱ्या घराने या दोघींपैकी कोणाचे ऐकावे?

अशा वादांत ज्याच्याविषयी वाद चालतो तोच बहुधा अनुपस्थित असतो. म्हणून प्रथम त्याचा परिचय करून घेऊ. टुइयाँ, ज्याला आपल्याकडे टोई असेही म्हणतात, हा केवळ भारतीय उपखंडात आढळणारा पोपट आहे. गावातील नेहमीच्या राघूपेक्षा तो लहान. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत त्याची लांबी एक फुटाहून थोडी अधिक, आणि त्यातही अर्ध्याहून अधिक भाग शेपटीचाच. नराचे मस्तक पिकल्या फळासारखे तांबूस-जांभळे, गळ्याभोवती काळी रेघ आणि खांद्यावर तांबडा ठिपका. मादीचे मस्तक निळसर करडे व गळपट्टी पिवळसर. ‘टुइ, टुइ’ असा त्याचा मंजुळ स्वर आहे, आणि त्या स्वरावरूनच त्याला हे नाव मिळाले. राघू गावाशी सलगी करतो; हा मात्र वनाचा रहिवासी. त्याचा थवा झाडांच्या गर्दीतून बाणासारखा जातो आणि सगळा थवा एकाच क्षणी वळतो. रानफळे, धान्य, पळसाच्या व सावरीच्या फुलांच्या मांसल पाकळ्या आणि त्यांतील मध हे त्याचे अन्न. हिवाळ्यापासून चैत्रापर्यंत जुन्या झाडाच्या ढोलीत मादी चार ते सहा पांढरी अंडी घालते. पिल्ले जन्मतः उघडी व आंधळी असतात.

बाजारातील पिल्लू येते ते येथून. कोणी तरी झाडावर चढतो, ढोलीत हात घालतो. हात पुरला नाही तर ढोली कुऱ्हाडीने मोठी करतो. फोडलेली ढोली पुढच्या वर्षी घर म्हणून उपयोगी पडत नाही. पिल्ले टोपलीतून निघतात, आणि विकत घेणाऱ्याच्या दारी पोहोचते ते त्यांतले वाचलेले एक. घरात त्याचे लाड होतात हे खरे, परंतु लाड सुरू होण्यापूर्वी जे घडले त्याचा खर्चही घेणाऱ्याने दिलेल्या पैशातूनच भागला आहे. दयाळू माणसाला हे दिसत नाही, कारण त्याच्यापुढे पिल्लू येते तेव्हा ते आधीच अनाथ झालेले असते आणि त्याला ते केवळ पोसायचे असते.

आता मातोश्रींच्या युक्तिवादाकडे वळू. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. श्रीमद्भागवताच्या सहाव्या स्कंधातील अजामिळाची कथा सर्वांना ठाऊक आहे. त्याने पुत्राला हाक मारण्यासाठी उच्चारलेले नामही व्यर्थ गेले नाही. अर्थ न जाणता घेतलेल्या नामातही सामर्थ्य आहे, ही आपल्या संतांची व आचार्यांची दृढ श्रद्धा आहे. गणिकेची लोककथाही याच बाजूची. तेव्हा पोपटाच्या मुखातील नाम निष्फळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. प्रश्न एवढाच उरतो की, त्या नामासाठी पिंजरा आवश्यक आहे काय? चैतन्य संप्रदायातील हरिदास ठाकूर मोठ्या स्वरात नाम घेत. नाम मनात घ्यावे, मोठ्याने कशाला, असा आक्षेप घेतला गेला तेव्हा त्यांनी उत्तर दिले ते असे की, ज्यांना बोलता येत नाही अशा पशुपक्ष्यांच्या कानीही ते पडावे म्हणून. त्यांनी पक्षी धरून आणून त्याला शिकविले नाही. पक्षी जेथे होते तेथपर्यंत आपला स्वर नेला. मातोश्रींनी पंधरावा अध्याय अंगणातील झाडाखाली म्हटला तर ऐकणारे जीव एकाहून पुष्कळ अधिक असतील. त्यांतला कोणी उलट ‘हरि हरि’ म्हणणार नाही, एवढाच फरक पडेल. आणि या फरकाने आपले मन खट्टू होत असेल, तर पिंजऱ्यातील नाम आपण कोणाच्या कल्याणासाठी ऐकत होतो, हे तपासून पाहिले पाहिजे.

पोपट बोलतो तरी का? तो मनुष्याला रिझविण्यासाठी बोलत नाही. पोपट हे थव्याने राहणारे पक्षी आहेत. आपल्या सोबत्यांचे स्वर शिकणे आणि त्या स्वरांनी एकमेकांना धरून राहणे हा त्यांचा जन्मजात व्यवहार. दक्षिण अमेरिकेत, वेनेझुएलात, आपल्या टुइयाँहूनही लहान असा एक हिरवा पोपट आहे. त्याच्या घरट्यांत यंत्रे ठेवून केलेले एक संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात असे दिसून आले की, पिल्लांना कंठ फुटण्यापूर्वीच आईबाप प्रत्येक पिल्लाला एक निराळी हाक देतात आणि पिल्लू पुढे थोड्या फरकाने तीच हाक स्वतःची म्हणून वापरते. ते संशोधन दुसऱ्या जातीवरचे असल्याने टुइयाँच्या ढोलीतही असेच घडते असे आम्ही छातीठोकपणे सांगणार नाही. परंतु ते वाचल्यापासून कोणी आपल्या पोपटाला ‘मिठू’ म्हणून हाक मारताना ऐकले की मनात येते, याचे नाव कदाचित आधीच ठेवले गेले होते. पिंजऱ्यातील एकट्या पक्ष्याला थवा नसतो, म्हणून घरातील माणसांनाच तो थवा समजतो आणि त्यांचे शब्द उचलतो. त्याच्या ‘हरि हरि’मध्ये भक्ती किती हे भगवंत जाणे, त्यात सोबतीची याचना आहे, एवढे निश्चित.

दुसरा युक्तिवाद संसारी माणसाचा आहे. वनात ससाणा आहे, साप आहे, उपासमार आहे. घरी पेरू आहे, मिरची आहे, डाळ आहे, आयुष्यही अधिक लाभते. मग पिंजरा वाईट कसा? याचे उत्तर गीतेच्या सहाव्या अध्यायातील बत्तिसाव्या श्लोकात आहे. सुख असो वा दुःख, जो स्वतःच्या उपमेने ते सर्वत्र समान पाहतो त्याला भगवंतांनी परम योगी म्हटले आहे. या श्लोकाचे भाषांतर करताना ‘आत्मौपम्येन’ या पदापाशी लेखणी नेहमी थांबते. बहुतेक मराठी भाषांतरांत ‘आपल्यासारखे’ असा शब्द येतो व वाचक पुढे जातो. पण भगवंतांनी योजलेला शब्द औपम्य आहे, आणि उपमेला साहित्यशास्त्रात एक शिस्त आहे. उपमेत दोन वस्तूंचे साधर्म्य हवे आणि त्यांचा भेदही कायम राहायला हवा. मुख चंद्रासारखे म्हणताना मुखाचा चंद्र होत नाही. भेद पुसून टाकला की ते रूपक झाले. ‘मला सुरक्षित घर आवडते, मला वेळेवर जेवण आवडते, म्हणून पोपटालाही आवडत असणार’ असे म्हणणारा दयाळू गृहस्थ उपमा सोडून रूपकात शिरला आहे. त्याने पोपटाला लहान हिरवा मनुष्य केले आहे. उपमेची मागणी अधिक कठीण आहे. माझे सुख मला जितके प्रिय तितकेच त्याचे सुख त्याला प्रिय, हे साधर्म्य. पण ते सुख कशात आहे हे त्याच्या पंखांकडे पाहून ठरवायचे, माझ्या ताटाकडे पाहून नाही, हा भेद. ज्याचे सारे शरीर उडण्यासाठी घडले आहे, ज्याचा स्वर सोबत्यांना बोलावण्यासाठी आहे, त्याला दोन हात लांबीच्या तारांच्या घरात पेरू मिळाला म्हणजे त्याचे सुख त्याला मिळाले असे होत नाही.

येथे काही जण तिसऱ्या अध्यायातील तेहतिसाव्या श्लोकाचा आधार घेतात. सर्व भूते आपापल्या प्रकृतीप्रमाणे चालतात, निग्रहाने काय होणार, असा त्याचा भाव आहे. पण तेथील प्रकरण साधकाच्या स्वतःच्या प्रकृतीचे व इंद्रियांचे आहे. तो श्लोक पिंजऱ्याकडे ओढणे हे अर्थाशी प्रामाणिक नाही. याउलट सोळाव्या अध्यायातील दैवी संपत्तीची यादी येथे फार उपयोगी पडते. दुसऱ्या श्लोकात ‘दया भूतेषु’ असे म्हटल्यावर लगेच पुढचे पद येते ते ‘अलोलुप्त्वम्’. टीकाकार त्याचा अर्थ विषय समोर असताही इंद्रियांना विकार न होणे, लोभाचा अभाव, असा करतात. या दोन पदांच्या शेजाराला महत्त्व द्यावेसे वाटते. ज्याच्यावर दया करतो त्याचाच लोभ सुटणे ही दयेची सर्वांत सामान्य दुर्गती आहे. सुंदर आहे, म्हणून जवळ हवा. जवळ आहे, म्हणून माझा. माझा आहे, म्हणून मी त्याच्यावर प्रेम करतो. यातील कोणत्या पायरीवर दया संपली ते कळतही नाही.

कोणी गाईबैलांचा दाखला देईल. त्याला थोडक्यात उत्तर आहे: गाय हजारो वर्षांपासून मनुष्याच्या कुळात जन्मते, ती कोणा अरण्यातील कळपातून दर वर्षी चोरून आणलेली नसते, आणि दावे सोडले तरी संध्याकाळी घराकडेच येते.

शुक आणि बंधन यांचे नाते आपल्या वाङ्मयात जुने आहे. ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, गीतेवर टीका सांगितली. सहाव्या अध्यायात, आत्माच आपला बंधू व आत्माच आपला शत्रू या विचारावर, त्यांनी पोपट धरण्याच्या नळीचा दृष्टांत दिला आहे. आडव्या टांगलेल्या नळीवर पोपट बसतो, त्याच्या भाराने नळी फिरते, तो उलटा होतो आणि पडण्याच्या भीतीने नळीच घट्ट धरून ठेवतो. त्याला कोणी बांधलेले नसते. तरी आपले पाय अडकले अशा समजुतीने तो उडत नाही. जीवाच्या अज्ञानाला याहून नेमका दृष्टांत सापडणे कठीण, आणि वेदान्तातही शुकनलिकान्याय म्हणून तो प्रसिद्ध आहे. प्रवचनात तो ऐकताना आपण पोपटाच्या भोळेपणावर हसतो. तथापि ही नळी झाडावर आपोआप उगवत नाही. श्रोत्यांना ती लगेच समजली, याचा अर्थ पारध्याचा हा उद्योग त्यांच्या नित्य परिचयाचा होता. सातशे वर्षांहून अधिक काळ आपण पोपटाकडून मोक्षाचा धडा घेत आलो, आणि धडा देणाऱ्याला मात्र पिंजऱ्यातच ठेवले!

बाणभट्टाच्या ‘कादंबरी’ची कथाही एक पोपटच सांगतो. विंध्याटवीतील एका विशाल शाल्मलीवर शबर चढतो आणि ढोलीढोलीतून पिल्ले काढून खाली टाकतो. आपल्या पंखांखाली पिल्लाला झाकून घेतलेला म्हातारा पिता मारला जातो, पिल्लू पानांच्या राशीवर पडून वाचते. बाणाने हा प्रसंग पिल्लाच्या मुखाने सांगितला आहे, म्हणूनच तो वाचवत नाही. पुढे जाबाली ऋषींचा पुत्र हारीत त्या तहानलेल्या पिल्लाला उचलतो, पाण्याचे थेंब पाजतो व आश्रमात नेतो. आश्रमात त्याला पाणी मिळते, सावली मिळते, पूर्वजन्माचे ज्ञान मिळते; पिंजरा मात्र कोणी आणत नाही. पंख फुटल्यावर तो आपल्या इच्छेने उडून जातो, आणि नंतर जाळ्यात सापडतो तेव्हाच त्याच्या वाट्याला पिंजरा येतो. जबलपूर हे नाव जाबाली ऋषींवरून पडले असे त्या भागातील लोकपरंपरा मानते. बाणाचा जाबाली तोच, असा आग्रह धरण्याचे कारण नाही; परंतु जबलपूरच्या परिसरातील घराने हारीताचा आदर्श समोर ठेवावा, असे म्हणण्यास ही परंपरा पुरेशी आहे.

म्हणून सिद्धान्तापुरते पाहता कन्येचे म्हणणे योग्य आहे. कायदाही तिच्या बाजूने आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आपल्या देशी पोपटांना संरक्षण दिले आहे. देशातील वन्य पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०–९१ पासून बंदी आहे. २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आकाशात उडणे हा पक्ष्यांचा मूलभूत अधिकार आहे असे मत नोंदविले. परंतु ‘आजच सोडून द्यावे’ हा तिचा उपाय मात्र स्वीकारता येत नाही. नऊ वर्षे तारांत राहिलेल्या पक्ष्याच्या पंखांत बळ नसते. ससाण्याची सावली कशी ओळखावी हे त्याला कोणी शिकविलेले नसते. रानातील थव्याची भाषा त्याला येत नाही आणि थवा त्याला ओळखत नाही. अशा पक्ष्याला खिडकीतून सोडणे म्हणजे आपल्या मनावरचे ओझे त्याच्या जीवावर टाकणे होय. सणावाराला बाजारातून पक्षी विकत घेऊन पुण्यासाठी सोडतात तेही याच जातीचे कर्म; सुटलेला पक्षी पुन्हा धरला जातो आणि विकणाऱ्याचा धंदा पुण्याच्या भांडवलावर चालतो. आधी घडलेल्या कर्माचे उत्तरदायित्व हात झटकून संपत नसते. योग्य मार्ग असा की, वनविभागाला स्वतः होऊन कळवावे आणि पक्षी जाणत्यांच्या स्वाधीन करावा. जबलपूरच्या नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठात वन्यजीवांच्या आरोग्यासाठी स्वतंत्र विद्यालय आहे. त्या नगरीत जाणकारांची वाण नाही. तो उडण्यास योग्य होईल की आयुष्यभर मोठ्या जाळीघरात आपल्या जातीच्या सोबत्यांत राहील, हे त्यांनी ठरवावे. तो घरून जाईपर्यंत त्याच्या सेवेत उणे पडू देऊ नये.

आणि मातोश्री? गृहस्थांनी विचारलेल्या प्रश्नात हा प्रश्न नाही, पण पत्राच्या ओळींमागे तोच आहे. त्यांनी लोभाने पिल्लू मागितले नव्हते. समोर आलेल्या जीवाला त्यांनी भरवले. त्यांना पापिणी ठरवून पिंजरा उचलून नेला तर तेही गीतेला मान्य होणारे नाही, कारण आत्मौपम्य त्यांच्याही बाबतीत लागू आहे. नऊ वर्षे प्रातःकाळी त्यांच्या पाठाला साद देणारा त्या घरात एकटा तो पक्षीच होता, असे गृहस्थांच्याच लिहिण्यावरून दिसते. मुलगा कामावर, नात पुस्तकांत. म्हातारीला उत्तर देणारे कोणी नव्हते म्हणून ते काम एका टुइयाँवर येऊन पडले. पंधराव्या अध्यायाचे वीस श्लोक म्हणावयास फार वेळ लागत नाही. पक्षी जाण्यापूर्वीच मुलाने आणि नातीने आळीपाळीने त्यांच्याजवळ बसून तो म्हणावयास आरंभ करावा. हे केले नाही तर पिंजरा रिकामा झाला तरी घरातला तिसरा जीव कोंडलेलाच राहील, आणि त्याची दाद कोणत्याही कायद्याकडे मागता येणार नाही.

पोपट घरी न आणणे एवढ्यावर गृहस्थाचे कर्तव्य संपत नाही, हे बरगीच्या लोकांना इतरांपेक्षा अधिक कळावे. राणी अवंतीबाई लोधी यांचे नाव दिलेल्या त्या धरणाचे काम १९७४ मध्ये सुरू झाले व १९९० मध्ये पूर्ण झाले. मंडला, शिवनी व जबलपूर या जिल्ह्यांतील १६२ गावांना त्याची झळ लागली. सुमारे २७ हजार हेक्टर भूमी पाण्याखाली गेली, आणि तीत आठ हजार हेक्टरांहून अधिक वन होते. त्या पाण्याने शेते भिजतात, दिवे लागतात. त्याची निंदा करण्याचा येथे हेतू नाही. पण गावे गेली त्यांची गणती झाली, ढोल्या गेल्या त्यांची झाली नाही. महाभारताच्या अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना आनृशंस्य, म्हणजे कोमलहृदयता, याविषयी विचारतो आणि भीष्म उत्तरादाखल एका पोपटाची कथा सांगतात. पारध्याचा विषारी बाण चुकून एका महावृक्षाला लागतो, वृक्ष वाळतो, सर्व पक्षी निघून जातात. ढोलीतील एक शुक मात्र जात नाही. इंद्र येऊन विचारतो, हिरवी झाडे पुष्कळ असता येथे का? तो सांगतो की, मी येथेच जन्मलो, बालपणी याच झाडाने मला राखले. इंद्र प्रसन्न होतो आणि तो शुक वर मागतो तो झाडासाठी. धर्मराजाला दयेचा पाठ देण्यासाठी भीष्मांनी पोपट निवडावा, यातच त्याच्या योग्यतेची साक्ष आहे. जलाशयाखाली गेलेल्या झाडांसाठी वर देणारा इंद्र आला नाही. जी काठावर उरली आहेत ती आपल्या हाती आहेत.

शेतकरी म्हणेल की, हेच थवे ज्वारीच्या कणसांवर व पेरूंवर येतात आणि खातात त्याहून नासतात अधिक. ही तक्रार खरी आहे. माळ्यावर बसून गोफण फिरवणे, पत्र्याचे डबे वाजवणे हा त्याचा पूर्वापार हक्क आहे व त्यात अधर्म नाही. विष घालणे आणि जाळे लावून धरलेले पक्षी विकणे यांत आहे. सरपणासाठी बांधावरचा वाळका आंबा किंवा जुना मोह तोडण्याचे मनात आले, तर त्याने एक हंगाम थांबावे आणि माघ-फाल्गुनात, शेजारचा पळस फुलला असता, सकाळी त्या खोडाकडे नीट पाहावे. ढोलीच्या तोंडाशी निळसर करडे मस्तक दिसले, तर ती मादी आहे आणि आत अंडी आहेत.